हॉल झाडणारी बाई सभासद का नाही?

"हल्लीच्या मुलींना वेळच नाही हो." आमच्या महिला मंडळाच्या प्रत्येक वार्षिक सभेत हे वाक्य हमखास येतं. नवीन सभासद का मिळत नाहीत, या प्रश्नाला आमच्याकडे एवढंच एक उत्तर आहे. मीही पुष्कळ वर्षं त्याला मान डोलावली. सव्वीस वर्षं मी या मंडळाची सभासद आहे, गेली सहा वर्षं चिटणीस आहे. चिटणीस झाल्यावर मंडळाच्या जुन्या वह्या माझ्या कपाटात आल्या, त्या मी सवडीने वाचत गेले, आणि माझं मत बदललं. वेळ नाही हे कारण खरं नाही. ते आपल्याला सोयीचं मात्र आहे, कारण त्यात सगळा दोष न येणाऱ्यांवर जातो.

२०१९ चा ऑगस्ट आठवा. कृष्णा आणि पंचगंगेला महापूर आला, सांगली-कोल्हापूर पाण्यात गेलं. आमचं गाव सांगली जिल्ह्यातलंच, पण उंचावरचं, म्हणून वाचलेलं. पहिल्या दिवशी आम्ही दहा-बाराजणींनी मंडळाच्या हॉलमध्ये भाकऱ्या थापायला घेतल्या. संध्याकाळपर्यंत हॉलमध्ये बसायला जागा उरली नाही. कुणी घरची परात घेऊन आली, कुणी तवा, कुणी शेगडी. बँकेत नोकरी करणाऱ्या आल्या, पार्लर चालवणारी आली, कॉलेजच्या पोरी आल्या, ओढ्यापलीकडच्या वस्तीतल्या बायका तर एकमेकींना हाका मारत घोळक्यानेच आल्या. एक नर्स रात्रपाळी संपवून थेट हॉलवर आली होती. तिला भाकरी थापता येत नव्हती. ती खाली बसून शेंगदाण्याची चटणी कागदात बांधत राहिली. पुड्या बांधता बांधता पिठाच्या पोत्याला टेकून तिचा डोळा लागला, आणि कुणीतरी तिच्या अंगावर ओढणी टाकली. पहाटे सहाला हॉल उघडायचा, रात्री दहा-साडेदहाला बंद व्हायचा. आठवडाभर हे चाललं.

मग पाणी ओसरलं. आम्ही चौकात आभाराचा फलक लावला, त्यावर कार्यकारिणीची नावं होती. पुढच्या शुक्रवारी दुपारी तीन वाजता मंडळाची नेहमीची बैठक भरली तेव्हा आम्ही नेहमीच्याच पंधराजणी होतो. त्या आठवड्यात आलेल्या साठ-सत्तर बायकांपैकी एकीचंही नाव, एकीचाही नंबर आम्ही लिहून ठेवलेला नव्हता.

वेळ नसलेल्या बायका म्हणतात त्या ह्याच. ड्यूटी करून, घरचा स्वयंपाक आटपून त्या रात्री दहापर्यंत पिठात हात घालून बसल्या होत्या. काम डोळ्यांना दिसत होतं, हॉल उघडा होता, आणि दारात कुणी विचारत नव्हतं की तुम्ही कुणाकडच्या. या तीन गोष्टी जमल्या आणि बायका आल्या. पूर संपल्यावर या तिन्ही गोष्टी आम्ही पुन्हा बंद केल्या.

आपल्याकडे बायकांच्या मोठ्या संघटना अशाच उभ्या राहिल्या आहेत. १९७२ च्या दुष्काळात आणि महागाईत मुंबईत महागाई प्रतिकार महिला संयुक्त समिती स्थापन झाली. मृणाल गोरे आणि प्रमिला दंडवते समाजवादी, अहिल्या रांगणेकर कम्युनिस्ट, तरी त्या एकत्र आल्या. पण लाटणं घेऊन रस्त्यावर उतरलेल्या हजारो बायका या पुढाऱ्यांचे पक्ष बघून आलेल्या नव्हत्या. घरात तेल नव्हतं, साखर नव्हती, रॉकेलसाठी रांगा होत्या, म्हणून त्या आल्या. आधी काम हातात आलं, संघटनेची ओळख नंतर झाली. आम्ही उलट क्रम धरून बसलो आहोत. आधी फॉर्म भरा, वर्गणी भरा, वर्षभर शुक्रवारी येऊन बसा, ओळखी होऊ द्या, मग बघू तुम्हाला काय काम देता येतं ते.

त्या शुक्रवारच्या तीन वाजताचंही सांगायला हवं. मंडळाच्या सुरुवातीच्या वह्यांत एक ठराव सापडला. पंचेचाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचं अक्षर, शाई फिकी पडलेली. बैठक दुपारी तीनला का घ्यायची याची कारणं त्यात लिहिली आहेत. पुरुष कामावर गेलेले असतात, मुलं शाळेत असतात, जेवणाची भांडी झालेली असतात आणि संध्याकाळचं पाणी यायला अवकाश असतो. त्या बायकांनी आपल्या काळातल्या बाईचा दिवस नीट तपासला, तिच्या हातात असलेला एकुलता एक मोकळा तास शोधला आणि मंडळ त्या तासात बसवलं. केवढा विचार आहे यात! आज तोच तास बाईच्या दिवसातला सगळ्यात अडचणीचा तास आहे. त्या वेळी ती दुकानात, शाळेत, दवाखान्यात, शेतात किंवा दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात असते. तीनची वेळ बदलली तर संस्थापक बायकांचा अवमान होईल, असं आमच्यातल्या काहींना मनापासून वाटतं. मला वाटतं, त्यांनी केलेला विचार आपण पुन्हा न करणं हाच त्यांचा अवमान आहे.

वेळ बदलणं तसं सोपं आहे. एक ठराव केला की झालं. खरी अडचण दारात आहे.

आमचं संक्रांतीचं हळदीकुंकू गावात सगळ्यात गर्दीचं असतं आणि नवीन बायका जोडायची ती सगळ्यात मोठी संधी आहे, असं आम्ही मानतो. परवापर्यंत त्याच्या निमंत्रणावर "सौ." छापलेलं असायचं आणि पुढे नावासाठी रिकामी रेघ. दोन वर्षांपूर्वी माझ्या शेजारच्या मुलीला ते कार्ड द्यायला गेले. तिचा नवरा करोनात गेला, पदरात एक लेक आहे, ती स्वतः तालुक्याच्या शाळेत शिकवते. तिने कार्ड हातात घेतलं, वाचलं, "बरं काकू" म्हणाली आणि फ्रिजवर ठेवलं. ती आली नाही. मीही नंतर विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिला काय सांगायचं ते त्या एका अक्षराने आधीच सांगून टाकलं होतं.

१८५२ च्या संक्रांतीला पुण्यात सावित्रीबाई फुले यांच्या महिला सेवा मंडळाने तिळगुळाचा समारंभ केला होता. कोणत्याही जातीच्या किंवा धर्माच्या बायका आल्या तरी सगळ्यांना एकाच जाजमावर बसवलं जाईल आणि हळदीकुंकू लावताना कसलाही भेद केला जाणार नाही, हे त्यांनी निमंत्रणातच लिहिलं होतं. समारंभ संक्रांतीचाच होता, हळदीकुंकू होतं, तिळगूळ होता. बायकांना ओळखीचं असलेलं सगळं त्यांनी ठेवलं आणि फक्त दार रुंद केलं. आपल्या शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. एवढं होऊनही ज्या महिला मंडळांच्या निमंत्रणावर आज "सौ." आहे, त्यांनी सभासद मिळत नाहीत म्हणून आश्चर्य करू नये. आम्ही ते दोन वर्षांपूर्वी काढलं. छापखान्यात एक अक्षर गाळायला सांगायचं होतं, त्यासाठी कार्यकारिणीच्या तीन बैठका खर्च झाल्या.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले तिच्याकडे येते.

आमच्या मंडळाला दोन वर्षं खजिनदार मिळत नव्हती. हिशेबाचं काम कुणाला नको असतं. म्हणून कीर्द मीच लिहीत होते. मागच्या मार्चमध्ये ऑडिटच्या आधी हॉलवर एकटी बसले होते आणि शिल्लक काही केल्या जुळत नव्हती. साडेतीनशे रुपयांचा फरक येत होता. हॉल झाडायला येते ती बाई केर काढत होती. तिला आम्ही सगळ्या "मावशी" म्हणतो. ती माझ्याहून चांगली बारा वर्षांनी लहान आहे, तरी मावशीच. मी तिसऱ्यांदा बेरीज करायला लागल्यावर तिने झाडू भिंतीला टेकवला आणि म्हणाली, "बाई, बघू का जरा?" शेजारी बसून तिने पानावरून बोट खाली खाली नेलं. "ही लाइट बिलाची रक्कम दोनदा लिवलीया न्हवं? एकदा बिल आलं तवा, एकदा भरलं तवा." तसंच होतं.

चौकशी केली तेव्हा कळलं की ती आठ वर्षं तिच्या वस्तीतल्या बचत गटाची हिशेब ठेवणारी आहे. दरमहा बचत गोळा करणं, कुणाला किती कर्ज दिलं, कुणाचा हप्ता थकला, व्याज किती, बँकेत कधी भरायचं, हे सगळं तिच्याकडे. तिच्या गटाने दोनदा बँकेचं कर्ज घेऊन वेळेत फेडलं आहे. आम्ही खजिनदार शोधत होतो आणि एक पक्की खजिनदार रोज सकाळी आमचा हॉल झाडत होती. इतक्या वर्षांत, मंडळाची सभासद होणार का, हे तिला कुणी विचारलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. हे लिहिताना मला लाज वाटते.

गावोगावी हेच आहे. एका बाजूला महिला मंडळं आहेत, हॉल आहे, नोंदणी आहे, चाळीस-पन्नास वर्षांचं नाव आहे, पण माणसं नाहीत. दुसऱ्या बाजूला बचत गट आहेत. दहा ते वीस बायका, नियमाने बैठक, पैशाचा चोख व्यवहार, बँकेत उठबस. मंडळात आम्ही मास्तरांच्या, कारकुनांच्या, दुकानदारांच्या घरच्या बायका. गटात आमच्याकडे भांडी घासणाऱ्या, शेतमजुरी करणाऱ्या, भाजी विकणाऱ्या. दोन्ही एकाच वॉर्डात आहेत, नगरपालिकेच्या एकाच नळाचं पाणी पितात, पाणी आलं नाही तर दोघींचेही हाल होतात. तरी एकमेकींच्या बैठकीला कधी गेलेल्या नाहीत. या भिंतीला जात आहे, पैसा आहे, आणि कोण कोणाच्या घरात कोणत्या दाराने येते तेही आहे. "नवीन सभासद मिळत नाहीत" असं आम्ही म्हणतो तेव्हा आमच्या मनातली नवीन सभासद ही आमच्यासारखीच बाई असते, वयाने फक्त वीस वर्षांनी लहान. तशा बायका आता थोड्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच पुण्या-मुंबईला गेल्या. गाव बायकांनी भरलेलं आहे. आपण बघतो फक्त आपल्या गल्लीत.

गटात बाई का टिकते, याचाही विचार केला पाहिजे. कर्ज मिळतं हे खरंच, पण तेवढंच नाही. तिथे वहीत तिच्या नावाचं पान असतं. तिची सही लागते. हप्ता ठरवताना तिला विचारतात. मंडळात नवीन बाई आली की आम्ही तिला पुढच्या खुर्चीवर बसवतो, चहा देतो आणि कार्यक्रम बघायला लावतो. पाहुणी म्हणून तिचं सगळं नीट होतं. पण पाहुणी माणसं दोनदा येतात, तिसऱ्यांदा येत नाहीत.

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. तीच लिज्जत आज पंचेचाळीस हजारांवर बायकांची संस्था आहे. तिथे काम करणारी प्रत्येक बाई "बहीण" म्हणवते आणि संस्थेची मालकीण असते. फायद्या-तोट्यात तिचा वाटा असतो. शिवाय तिला दिवसभर कारखान्यात बसवत नाहीत. सकाळी मळलेलं पीठ घ्यायचं, घरी नेऊन आपल्या सवडीने लाटायचं, वाळवायचं आणि दुसऱ्या दिवशी पापड जमा करायचे. बाईच्या दिवसाची घडी न मोडता काम तिच्या घरापर्यंत गेलं, आणि आल्या दिवसापासून ती हक्कदार झाली. इतक्या बायका जोडल्या गेल्या त्या या दोन गोष्टींमुळे, असं मला वाटतं. आमचं मंडळ काही पापडाचा उद्योग नव्हे. पण या दोन गोष्टी आम्हाला करता येणार नाहीत असं कुणी म्हणू नये.

यावर आमच्याच बैठकीत जे बोललं गेलं ते लपवणार नाही. मावशींना सभासद करून घेऊ आणि खजिनदाराचं काम देऊ, असं मी मांडलं तेव्हा बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग एकीने विचारलं, "मग हॉल झाडणार कोण?" प्रश्न वाईट हेतूने विचारलेला नव्हता, तिला खरंच तो प्रश्न पडला होता. मी म्हटलं, आज झाडते तीच झाडेल, पगार घेऊन झाडेल. ते तिचं काम आहे, सभासदत्व तिचा अधिकार आहे. माझ्या यजमानांनी आयुष्यभर नोकरी केली आणि शिवाय पतपेढीचे सभासदही होते, तेव्हा कुणाला अडचण वाटली नव्हती.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो आमच्या सगळ्यात ज्येष्ठ सभासदांनी घेतला. त्या म्हणाल्या, "अगं, तुम्ही सगळं नव्यांसाठी करा, पण आम्ही कुठे जायचं? मला आठवड्यातून एकदा घराबाहेर पडायला हा एकच हॉल आहे." त्यांचं म्हणणं अगदी खरं आहे. सून-मुलगा कामावर, नातवंडं क्लासला, गुडघे दुखतात, देवळापर्यंत चालवत नाही. शुक्रवारचं भजन आणि नंतरच्या गप्पा हेच त्यांचं आठवड्याचं सुख आहे. त्यांच्या तोंडचं ते काढून घेऊन नव्या बायका जोडायच्या असतील तर मला तसं मंडळ नको. म्हणून शुक्रवार दुपार तशीच राहू दे. त्याबरोबर रविवारी सकाळी नाहीतर बुधवारी रात्री आठला दुसरी बैठक सुरू करू. हॉल एक आहे, आठवड्याला दिवस सात आहेत, आणि बराचसा वेळ त्याला कुलूपच असतं.

कुलपाचा विषय निघाला म्हणून सांगते, किल्ली एकच आहे आणि ती अध्यक्षांच्या घरी असते. तरुण मुलींनी संध्याकाळी शिकवणी घ्यायला हॉल मागितला होता, तेव्हा रोज किल्ली आणायची आणि परत करायची कुणी, यावरच तो बारगळला. अधिकार द्यायला आम्ही बिचकतो तो असा बारीकसारीक गोष्टींत. आणि त्याची किंमत मोजावी लागते. नोंदणीकृत संस्थेची कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. आम्ही वर्षानुवर्षं तीच नावं पुढे चालवली, बदल अर्ज दिलाच नाही. बँकेत सह्या असलेल्या तिघींपैकी एक वारल्या आणि दुसऱ्या मुलीकडे परगावी गेल्या, तेव्हा खात्यातले स्वतःचे पैसे काढायला आम्हाला सात महिने खेटे घालावे लागले. शिवणवर्गाच्या बाईंचा पगार तेवढे महिने आम्ही पदरमोड करून दिला. माणसं वेळेवर जोडली नाहीत की संस्था कागदावरसुद्धा जिवंत राहत नाही.

पैठणीच्या खेळांबद्दल दोनच वाक्यं. निवडणुका जवळ आल्या की गावात बक्षिसांचे कार्यक्रम होतात, मैदान भरतं, आणि आमच्यातल्या काहींना वाटतं की आपणही तसं काही करावं. पैठणीसाठी आलेली बाई पैठणीच्या मागे जाते, तिच्याकडून त्याहून जास्त अपेक्षा करणं तिच्यावरही अन्याय आहे.

वार्षिक सभेपुढे मी तीन ठराव ठेवते आहे. सभासद होण्यासाठी दोन जुन्या सभासदांची शिफारस लागते हे नियमावलीतलं कलम काढून टाकायचं. ज्या बाईला वस्तीत राहायला येऊन वर्षही झालेलं नाही, तिने दोन शिफारशी कुठून आणायच्या? वर्गणी एकदम घेण्याऐवजी दरमहा दहा-वीस रुपयांनी घ्यायची, गटासारखी. आणि नवीन सभासदाला पहिल्याच महिन्यात एक काम नावावर द्यायचं, त्यासाठी लागणाऱ्या पैशांसकट आणि किल्लीसकट. पाणीपट्टीच्या तक्रारी असोत, बालवाडीची खेळणी असोत किंवा म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेण्याची पाळी असो, जे तिला जमेल ते. चुकली तर चुकू दे. आम्हीही चुकतच शिकलो, जुन्या वह्यांत खाडाखोड काही कमी नाही.

मावशींना मी विचारलं. त्या एकदम म्हणाल्या, "मी? मी येतेच की रोज." मग समजून सांगितल्यावर जरा गप्प बसल्या आणि विचारलं, "माझ्या गटाच्या बायांनी पण आलं तर चालंल का?" मी चालेल म्हटलं आहे. सभेने नाही म्हटलं तर काय करायचं ते मला अजून ठाऊक नाही, पण शब्द दिला आहे.

दुसरं एक काम मी सुरू केलं आहे. पुराच्या आठवड्यात हॉलवर आलेल्या बायकांची यादी करते आहे. पाच-सहा वर्षं उलटली, तेव्हा करायला हवी होती ती आता. भाजीवाल्या, शाळेतल्या बाई, पार्लरवाली, जिला जी आठवेल तिला विचारत फिरते. आत्तापर्यंत तेवीस नावं मिळाली. त्यातल्या चौघींचे फोन लागत नाहीत, दोघी गाव सोडून गेल्या. पिठाच्या पोत्याला टेकून झोपलेली ती नर्स कोणत्या दवाखान्यातली होती, हे अजून कुणालाच सांगता आलेलं नाही.